लिहिणारा वेगळा, निवडणारा वेगळा
विद्यापीठीय ग्रंथप्रकाशनातील हितसंबंधांचा आढावा

जून-जुलैत कोल्हापुरातल्या पुस्तकांच्या दुकानांसमोर महाविद्यालयीन मुलामुलींची गर्दी होते आणि दुकानदाराला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो, ‘यंदा कुठलं पुस्तक लागलंय?’ शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या विषयाला पुस्तक लागले की ते कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांत पोचते. लेखकाचे नाव विद्यार्थ्यांच्या तोंडी बसते, प्रकाशकाला पुढची काही वर्षे हमखास खप मिळतो, ग्रंथालयांच्या खरेदीच्या याद्यांतही ते आपोआप चढते. पण ते कोणी सुचवले, सुचवणाऱ्याचा लेखकाशी वा प्रकाशकाशी काय संबंध होता, पुस्तक छापण्याचा खर्च कोणी केला, यातले काहीच विद्यार्थ्याला कळत नाही. कळण्याची सोयच नाही, कारण पुस्तकात ते कुठे छापलेले नसते.

शोधनिबंधांच्या बाबतीत ही सोय बऱ्याच अंशी झाली आहे. चांगल्या वैद्यकीय नियतकालिकात निबंधाच्या शेवटी लेखकाला कोणत्या कंपनीकडून पैसे मिळाले हे सांगावेच लागते. ग्रंथांच्या बाबतीत मात्र ती रीत रुजलेली नाही. निबंध वाचणारा बहुधा त्या विषयातला जाणकार असतो, तर पाठ्यपुस्तक वाचणारा अठरा वर्षांचा असतो आणि पानावर छापले ते खरे मानतो. म्हणजे सावध करण्याची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्यालाच आपण अंधारात ठेवले आहे.

हितसंबंध असणे हा गुन्हा नाही. एका विषयाचे जाणकार मोजकेच असतात, ते एकमेकांचे सहकारी, शिष्य, सोयरे असतात, आणि मराठीत गंभीर ग्रंथ लिहिणारे तर त्याहून कमी. अशा ठिकाणी कोणाचाच कोणाशी संबंध नसावा अशी अट घातली तर पुस्तकच निघणार नाही. परंतु ज्याला लाभ व्हायचा त्यानेच निवड करायची, ही रचना मोडता येते आणि ती मोडली पाहिजे. उरलेले संबंध वाचकासमोर लेखी आले पाहिजेत. आजवरच्या अनुभवाचा आढावा घेतला तर या दोन्ही गोष्टी का लागतात, हे स्पष्ट दिसते.

गुंता कुठे असतो

हितसंबंध म्हटले की प्रथम पैसा डोळ्यांसमोर येतो. लेखकाचे मानधन, प्रकाशकाचा नफा, विक्रेत्याचे कमिशन हे हिशेब तुलनेने उघड असतात. विद्याक्षेत्रात त्याहून प्रभावी असते ती पदोन्नती. पुस्तकावर पैसा मिळाला नाही तरी बढतीसाठी गुण मिळतात, आणि बढतीने होणारी पगारवाढ कुठल्याही मानधनापेक्षा मोठी असते. तिसरा पदर नात्याचा: मार्गदर्शक आणि विद्यार्थी, विभागप्रमुख आणि कनिष्ठ प्राध्यापक, एकाच शिक्षणसंस्थेतले सहकारी. चौथा विचारांचा. लेखकाच्या भूमिकेला आयुष्यभर विरोध केलेला परीक्षक त्याचे हस्तलिखित निर्मळ मनाने वाचेलच असे नाही, आणि त्याच गटातला परीक्षक दोष पाहीलच असेही नाही. पाचवा संस्थेचा, म्हणजे ज्या संस्थेवर वा व्यक्तीवर ग्रंथ लिहायचा तिनेच त्याचा खर्च उचलणे.

हे पदर वेगवेगळ्या माणसांत विभागलेले असते तर प्रश्न सोपा होता. आपल्याकडे एकच माणूस पाठ्यपुस्तकाचा लेखक असतो, अभ्यास मंडळाचा सदस्य असतो, प्रश्नपत्रिका काढतो, महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीवर बसतो आणि कधी एखाद्या प्रकाशनाचा सल्लागार संपादकही असतो. प्रत्येक काम तो प्रामाणिकपणे करत असेल. पण एका कामातला निर्णय दुसऱ्या कामातल्या लाभाला हात लावतो, आणि त्याच्या प्रामाणिकपणाची खात्री करून घेण्याचे साधन बाहेरच्या कोणाकडेही नसते.

जुने धडे

हा प्रश्न मराठी ग्रंथव्यवहाराइतकाच जुना आहे. ब्राह्मणांना दक्षिणा देण्यासाठी पेशव्यांच्या काळापासून चालत आलेल्या निधीतला काही भाग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्याकडे वळवला गेला आणि दक्षिणा प्राइज कमिटी ग्रंथांची पारख करू लागली. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठवले. शूद्र शेतकऱ्याला जोशीबुवा कसे नाडतात, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले, आणि कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे इतरांचे चालले नाही, अशी तक्रार फुल्यांनी पुढे स्वतःच नोंदवून ठेवली. नाटक छापले जायला १९७९ साल उजाडले.

त्यात पैशाची लाच कोणी घेतल्याचा आरोप नव्हता. ज्या वर्गाच्या वागणुकीवर ग्रंथात टीका होती, त्याच वर्गाचे लोक ग्रंथाची लायकी ठरवायला बसले होते, एवढेच घडले. नकाराची कारणे लेखी आणि उघड देण्याचे बंधन नव्हते, बाहेरच्या परीक्षकाचे मत मागवण्याची तरतूद नव्हती. परिणामी मराठीतले एक मूलगामी नाटक सव्वाशे वर्षे वाचकांपर्यंत पोचले नाही. परीक्षकाच्या हितसंबंधाची किंमत समाज कशी मोजतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधायला नको.

कोल्हापूरकडे वळले की दोन वेगळ्या तऱ्हा दिसतात. राजाराम कॉलेजातले प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १८९४ पासून ‘ग्रंथमाला’ हे मासिक चालवले. गंभीर मराठी ग्रंथ क्रमशः छापणारे ते मासिक होते. शिक्षक, संपादक आणि प्रकाशक या तिन्ही भूमिका एका माणसात होत्या. आजच्या काटेकोर नियमाने पाहिले तर हा हितसंबंधांचा गुंताच. पण विजापूरकरांनी ते केले नसते तर त्या काळात कोल्हापुरात दुसरे कोणी ते केले असते असे वाटत नाही. नियम करताना हे ध्यानात ठेवावे लागते. भूमिका एकत्र आल्या म्हणून काम थांबवायचे नसते, त्या एकत्र आल्याचे सर्वांना दिसेल आणि निर्णयाला दुसरी नजर मिळेल, अशी व्यवस्था करायची असते.

दुसरे उदाहरण अण्णासाहेब लठ्ठे यांचे. राजर्षी शाहू महाराजांचे निधन १९२२ मध्ये झाले आणि १९२४ मध्ये लठ्ठ्यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. लठ्ठे हे संस्थानच्या नोकरीत होते. राजाराम कॉलेजात त्यांनी शिकवले, शिक्षण खात्यात अधिकारपद सांभाळले. पुतळ्याला डांबर फासल्याच्या १९१४ च्या गाजलेल्या प्रकरणात त्यांच्यावर संशय घेतला गेला आणि त्यांना कोल्हापूर सोडावे लागले. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायला नकार दिला म्हणून तरुण भाऊराव पाटलांना पोलिसांचा छळ सोसावा लागला, ही हकिगत भाऊरावांनीच पुढे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या परंपरेत आजही सांगितली जाते. चरित्र लिहून झाल्यावर थोड्याच वर्षांत, शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत, लठ्ठे संस्थानचे दिवाण झाले.

म्हणजे चरित्रनायकाच्या दरबाराने ज्याच्यावर संशय घेतला आणि पुढे त्याच घराण्याने ज्याला दिवाणपद दिले, अशा माणसाने हे चरित्र लिहिले. दोन्ही बाजूंनी पाहिले तर हितसंबंध इतके गुंतलेले की ते जाहीर करण्याच्या आजच्या अर्जातले सगळे रकाने भरावे लागतील. तरीही पुढच्या प्रत्येक शाहू अभ्यासकाला हा ग्रंथ हाताळावा लागला, कारण दरबार आतून पाहिलेल्या माणसाचे ते लेखन होते. लेखक कुठे उभा होता हे ठाऊक असलेला वाचक त्या ग्रंथातून जास्त मिळवतो. कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे दुसरा कागद मागायचा, हे त्याला कळते. संबंध लपवले तर ग्रंथ संशयास्पद होतो, सांगितले तर तोच ग्रंथ अधिक उपयोगी पडतो.

सरकारने काढलेला मार्ग

स्वातंत्र्यानंतर शालेय पाठ्यपुस्तकांचा बाजार वाढला तसा मंजुरीच्या यादीत पुस्तक घुसवण्याचा मोहही वाढला. त्यावर महाराष्ट्राने निर्मितीच सरकारी करण्याचा उपाय निवडला. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ स्थापन झाले, तेच आपले बालभारती. निवड करणारा आणि नफा मिळवणारा यांची साखळी त्यामुळे तुटली. लाखो मुलांना स्वस्त आणि एकसारखी पुस्तके मिळाली, हे या मार्गाचे मोठे यश आहे. त्याची दुसरी बाजू अशी, की राज्य हेच लेखक नेमणारे, तेच परीक्षक आणि तेच प्रकाशक झाले. इतिहासाच्या पुस्तकात कोणाला किती पाने, हा वाद त्यामुळे विद्वानांच्या बैठकीतून सरळ राजकारणात गेला.

उच्च शिक्षणासाठीही असाच प्रयत्न झाला. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रादेशिक भाषांतून विद्यापीठीय शिक्षणाचा पुरस्कार केला आणि राज्याराज्यांत ग्रंथनिर्मितीची मंडळे उभी राहिली. महाराष्ट्राचे विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ नागपुरात होते आणि त्याने अनेक विषयांत मराठी ग्रंथ काढले. ते काम पुढे टिकले नाही, आणि महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांचे क्षेत्र पुन्हा खासगी प्रकाशक व प्राध्यापक लेखक यांच्याकडे आले. विद्यापीठांकडे स्वतःच्या छापखान्यापुरते आणि प्रकाशन विभागापुरते काम उरले.

शिवाजी विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रकाशनांत एक उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे संशोधक. ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ हे त्यांनी संपादित केलेले खंड विद्यापीठानेच प्रसिद्ध केले. या कामाचे मोल निर्विवाद आहे. करवीर राज्याच्या इतिहासाचा तो पाया आहे. मूळ कागदच छापलेले असल्याने संपादकाशी असहमत असणारा अभ्यासकही ते वापरू शकतो. पण कुलगुरूंचा ग्रंथ विद्यापीठाने छापावा की नाही, हे आजच्या काळात कोणी ठरवावे? उत्तर सरळ आहे: त्या बैठकीत कुलगुरू नसावेत आणि परीक्षक विद्यापीठाबाहेरचे असावेत. अशा नियमाने पवारांच्या खंडांचे काहीच बिघडले नसते, कारण चांगले काम बाहेरच्या तपासणीतून अधिक भक्कम होऊन बाहेर पडते.

अभ्यास मंडळाचे टेबल

विद्यापीठीय पाठ्यपुस्तकांचे भवितव्य ठरते ते अभ्यास मंडळात. आज लागू असलेला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ चा आहे, आणि अभ्यासक्रम आखण्याबरोबर पाठ्यपुस्तके व संदर्भग्रंथ सुचवण्याचे काम त्यात अभ्यास मंडळाकडे आहे. ही रचना योग्य आहे. विषय जाणणाऱ्यांनीच विषयाची पुस्तके सुचवावीत. अडचण सुरू होते ती अभ्यासक्रम बदलल्यावर. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर अभ्यासक्रमांची फेररचना झाली, सत्रांची आणि श्रेयांकांची मांडणी बदलली, काही विषय तर नव्यानेच आले. नव्या अभ्यासक्रमाचे बारकावे सर्वांत आधी ठाऊक असतात ते मंडळावरच्या सदस्यांना. साहजिकच त्यांच्याकडेच प्रकाशक पुस्तकासाठी जातात. अभ्यासक्रम जाहीर होतो आणि पाठोपाठ त्यावर बेतलेले पुस्तक दुकानात येते. ज्याने अभ्यासक्रम आखला त्यानेच पुस्तक लिहिले असेल, तर ते अभ्यासक्रमाला नेमके जुळते यात नवल नाही. पण इतर लेखकांना ती संधी मिळत नाही, आणि हळूहळू अभ्यासक्रमच पुस्तकाला सोयीचा आखला जाण्याचा धोका तयार होतो.

त्यातच प्रश्नपत्रिका काढणाराही तोच असेल, तर विद्यार्थी दुसरे पुस्तक उघडत नाहीत. ‘सरांच्या पुस्तकातूनच येतं’ हे वाक्य एकदा वर्गात पसरले की ग्रंथालयातली बाकीची पुस्तके धूळ खात राहतात. विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयासारखा समृद्ध संग्रह हाताशी असताना विद्यार्थ्याने दीडशे पानांच्या एका पुस्तकावर पदवी मिळवावी, हे दुःखद आहे. हितसंबंधाने होणारे खरे नुकसान हेच. कोणाच्या खिशात किती गेले यापेक्षा किती मनांना दुसरे मत भेटलेच नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे.

दूरशिक्षणाच्या स्वयंअध्ययन साहित्याची रचना या दृष्टीने वेगळी आहे. तिथे विद्यापीठ घटकांचे लेखक नेमते, मानधन देते आणि पुस्तक स्वतः छापते. जास्त प्रती खपल्या म्हणून लेखकाला जास्त पैसे मिळत नाहीत, त्यामुळे ते पुस्तक सक्तीचे करण्यात त्याचा वैयक्तिक लाभ नसतो. लाभ आणि निवड वेगळे ठेवणे आपल्याच आवारात जमते, याचा हा पुरावा आहे. घटकांचे परीक्षण बाहेरच्या तज्ज्ञांकडून झाले आणि त्यांची नावे छापली गेली, तर ही रचना आणखी भक्कम होईल.

गुणांची मोजणी आणि पुस्तकांचा पूर

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत ग्रंथप्रकाशनाचे चित्र सर्वांत जास्त बदलले ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गुणांकनामुळे. २०१० च्या नियमांत आंतरराष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाला ५०, राष्ट्रीय पातळीवरच्या प्रकाशकाला २५ आणि स्थानिक प्रकाशकाच्या आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला १५ गुण ठरले. २०१८ च्या नियमांत ही मोजणी बदलून आंतरराष्ट्रीय पुस्तकाला १२, राष्ट्रीय पुस्तकाला १०, संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ५ अशी झाली. संपादकालाही ८ ते १० गुण मिळू लागले. आकडे कमीजास्त झाले तरी पुस्तक म्हणजे बढतीच्या अर्जातला एक रकाना, हे समीकरण कायम राहिले.

आयएसबीएन क्रमांक पुस्तकाची ओळख पटवतो; मजकुराच्या दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. भारतात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि तो मिळवण्यासाठी मजकूर कोणालाही दाखवावा लागत नाही. तरीही गुणांच्या हिशेबात या क्रमांकाला दर्जाच्या शिक्क्याचे स्थान मिळाले. मग लेखकाकडूनच छपाईचा खर्च घेऊन, मोजक्या प्रती काढून, क्रमांक घालून देणारे प्रकाशक जागोजागी उभे राहिले. चर्चासत्र भरवायचे, आलेल्या निबंधांचे पुस्तक करायचे, प्रत्येक लेखकाकडून ठरावीक रक्कम घ्यायची आणि सर्वांना गुण मिळवून द्यायचे, हा क्रम आता सर्वपरिचित आहे. यात प्रकाशकाचा ग्राहक वाचक उरत नाही, लेखक होतो. वाचकाला विकायचे नसेल तर मजकूर वाचून पाहण्याची गरज प्रकाशकाला पडत नाही.

नियतकालिकांत हे किती खोल गेले आहे, याचा पुरावा पुण्यातूनच आला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध केले. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या नियतकालिकांचा नमुना त्यांनी तपासला, तेव्हा त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असल्याचे आढळले. शिफारस करणारी विद्यापीठे आणि तिथे छापून गुण मिळवणारे प्राध्यापक एकाच घरातले होते, हे या आकड्याच्या मुळाशी आहे. त्यानंतर आयोगाने हजारो नियतकालिके वगळली, ‘केअर’ नावाची नवी यादी आणली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली. ग्रंथांसाठी तर अशी यादीही कधी नव्हती. आयोगाचे २०१८ चे शैक्षणिक सचोटीचे नियम उसनवारीवर बोट ठेवतात, १० टक्क्यांपासून ६० टक्क्यांपुढच्या साम्यापर्यंत पायऱ्या ठरवतात. पण ग्रंथ कोणी तपासला, तपासणाऱ्याचा लेखकाशी काय संबंध, याबद्दल त्यांत तरतूद नाही.

परीक्षक कोण, प्रस्तावना कोणाची

पीएच.डी.च्या प्रबंधाला किमान दोन बाह्य परीक्षक लागतात आणि तोंडी परीक्षाही उघडपणे घ्यावी लागते. तोच प्रबंध वर्षभराने पुस्तकरूपाने निघतो तेव्हा एकाही परीक्षकाची गरज पडत नाही. मार्गदर्शक प्रस्तावना लिहितात, विभागप्रमुख पाठराखण करतात आणि प्रकाशन समारंभात तेच पाहुणे असतात. हे सारे आपुलकीचे आहे, आणि शिष्याच्या पहिल्या पुस्तकाचे कौतुक गुरूने करावे यात गैर काही नाही. पण ग्रंथालयाने खरेदी करताना वा निवड समितीने गुण देताना या प्रस्तावनेला तटस्थ मत मानणे गैर आहे.

खरा अडथळा लहान वर्तुळाचा आहे. मराठी व्याकरण, करवीर राज्याचा इतिहास किंवा दक्षिण महाराष्ट्राच्या सहकाराचे अर्थशास्त्र यांवर लिहिलेल्या हस्तलिखिताला परीक्षक कुठून आणायचे? नाव झाकले तरी दुसऱ्याच पानावर लेखक ओळखू येतो. त्यामुळे निनावी परीक्षणावर सगळी भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. परीक्षकाचे नाव आणि त्याचा लेखकाशी असलेला संबंध उघड ठेवणे आपल्याकडे जास्त उपयोगी पडेल. शिवाय औरंगाबाद, नागपूर, मुंबई, गोवा, बेळगाव-धारवाड, बडोदा, हैदराबाद इथेही मराठीचे आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचे अभ्यासक आहेत. तीन जिल्ह्यांच्या बाहेर पाहिले तर वर्तुळ वाटते तेवढे लहान राहत नाही.

पैसा देणाऱ्याचे नाव

दक्षिण महाराष्ट्र साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या, सहकारी बँका आणि शिक्षणसंस्था यांचा प्रदेश आहे. या संस्थांचे इतिहास आणि संस्थापकांची चरित्रे मोठ्या संख्येने निघतात. सुवर्णमहोत्सव आला की ग्रंथ ठरतो, एखाद्या प्राध्यापकावर काम सोपवले जाते, संस्थाच खर्च करते. त्यांतल्या काही ग्रंथांत मोलाची माहिती असते. संस्थेच्या दप्तरातली इतिवृत्ते आणि जुने हिशेब एरवी कोणाला पाहायलाही मिळत नाहीत. म्हणून हे ग्रंथ निघावेत. पण संपाचे दिवस, ऊसदराची आंदोलने, फसलेले प्रकल्प, संचालकांतली भांडणे यांवर अशा ग्रंथात किती पाने येतील, हे खर्च करणाऱ्याच्या नावावरून वाचकाला ताडता आले पाहिजे. ‘या ग्रंथाचा खर्च अमुक संस्थेने केला, मजकूर तिने छपाईपूर्वी पाहिला’ अशी दोन ओळींची नोंद पुरेशी आहे. अभिनंदनपर गौरवग्रंथ म्हणून काढलेले पुस्तक आणि संशोधन म्हणून काढलेले पुस्तक यांतला फरक त्या ओळींनी स्पष्ट होतो.

इतरत्र काय झाले

बाहेरच्या जगात या प्रश्नावर बरेच प्रयोग झाले आहेत आणि त्यांचे निकाल संमिश्र आहेत. १५३४ पासूनची परंपरा सांगणाऱ्या केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयात पुस्तक काढायचे की नाही याला विद्यापीठातल्या विद्वानांचे मंडळ मान्यता देते. व्यवसाय सांभाळणारा संपादक प्रस्ताव मांडतो, अंतिम शब्द त्याचा नसतो. तरीही २०१७ मध्ये याच मुद्रणालयाने चिनी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून ‘द चायना क्वार्टर्ली’चे तीनशेहून अधिक लेख आणि परीक्षणे चीनमधल्या वाचकांना दिसेनाशी केली. जगभरच्या अभ्यासकांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला गेला. बाजार गमावण्याची भीती हाही हितसंबंधच असतो, आणि चांगल्यातली चांगली रचना त्यापुढे झुकू शकते. ती सावरली ती उघड चर्चेमुळे.

अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या संघटनेने २००४ मध्ये एक निवेदन काढून आपलेच पुस्तक आपल्या वर्गाला लावण्याच्या प्रश्नाला हात घातला. प्राध्यापकाला तो अधिकार आहे, पण विद्यार्थ्याला ते घेण्यावाचून पर्याय नसतो, म्हणून विभागाच्या समितीची मंजुरी किंवा मानधनाचा त्याग यांसारख्या पद्धती असाव्यात, असा त्याचा रोख होता. काही विद्यापीठांत अशा पुस्तकांचे मानधन विद्यार्थी निधीला किंवा धर्मादाय कामाला जाते.

सर्वांत बोलके उदाहरण मनोविकारांच्या निदानाच्या ‘डीएसएम’ या अमेरिकन ग्रंथाचे आहे. जगभरचे डॉक्टर तो वापरतात, आपल्याकडचेही. त्याच्या चौथ्या आवृत्तीच्या समित्यांवरच्या १७० सदस्यांपैकी ९५ जणांचे औषध कंपन्यांशी आर्थिक संबंध होते, असे २००६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. त्यानंतर पाचव्या आवृत्तीसाठी संबंध जाहीर करणे सक्तीचे झाले आणि वर्षाला दहा हजार डॉलरांपेक्षा जास्त रक्कम घेण्यावर बंदी आली. सगळे उघड झाले, तरी २०१२ च्या पाहणीत मुख्य कृतिदलातल्या ६९ टक्के सदस्यांचे उद्योगांशी संबंध आढळले. नुसत्या जाहीर करण्याने निर्णयाच्या खुर्चीवरची माणसे बदलली नाहीत. म्हणून घोषणा ही पहिली पायरी आहे, आणि लाभार्थ्याने निर्णयातून बाजूला होणे ही दुसरी. पहिलीवर थांबले तर कागद वाढतात आणि व्यवहार तसाच चालू राहतो.

कोल्हापुरात काय करता येईल

यातले बहुतेक उपाय नव्या कायद्याशिवाय जमण्यासारखे आहेत. परीक्षेच्या कामाला बसणाऱ्या प्राध्यापकाला आपला जवळचा नातेवाईक त्या परीक्षेला बसलेला नाही, असे लिहून द्यावे लागते. कोणालाही त्यात अपमान वाटत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात संचालकाला आपला हितसंबंध जाहीर करून त्या विषयाच्या चर्चेतून बाजूला व्हावे लागते. हीच शिस्त पुस्तकांच्या टेबलावर आणायची आहे.

अभ्यास मंडळाच्या प्रत्येक सदस्याने दरवर्षी एका पानावर लिहून द्यावे: त्याची स्वतःची, कुटुंबीयांची आणि त्याने मार्गदर्शन केलेल्या विद्यार्थ्यांची त्या विषयातली पुस्तके कोणती, कोणत्या प्रकाशकाशी कोणता व्यवहार आहे. ज्या पुस्तकाशी संबंध आहे त्याच्या चर्चेत त्याने बसू नये, आणि बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात यावी. ही पाने विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असावीत. कोणत्याही अभ्यासपत्रिकेला एकच पुस्तक सुचवू नये. वेगवेगळ्या लेखकांची किमान तीन असावीत आणि त्यांतले एक तरी विद्यापीठाच्या क्षेत्राबाहेरच्या लेखकाचे असावे. नव्या अभ्यासक्रमाचे पुस्तक मंडळाच्या सदस्याने लिहिले असेल तर ठरावीक काळ त्याने त्या पत्रिकेची प्रश्नपत्रिका काढू नये.

प्रकाशकांच्या बाजूने मुद्रणाच्या पानावर चार ओळी पुरतील: छपाईचा खर्च कोणी केला, हस्तलिखित कोणी तपासले, तपासणाऱ्यांचा लेखकाशी काय संबंध, आणि मजकूर आधी प्रबंध म्हणून सादर झाला होता का. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात प्रबंध उपलब्ध असल्याने ही शेवटची ओळ कोणालाही पडताळता येते. लेखकाकडून खर्च घेणे यात लपवण्यासारखे काही नाही. मराठीत गंभीर ग्रंथाची बाजारपेठ लहान आहे आणि अनेक चांगले ग्रंथ लेखकांनी पदरमोड करून काढले आहेत. ते लिहिले की प्रश्न मिटतो. निवड समित्यांनी मात्र या चार ओळी नसलेल्या पुस्तकाला गुण देऊ नयेत. हा एक नियम लागू झाला तर प्रकाशकांना वेगळे सांगावे लागणार नाही, कारण लेखकच त्यांच्याकडे त्या ओळींचा आग्रह धरतील.

महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या हातीही बरेच आहे. ग्रंथालय समितीतल्या प्राध्यापकाचे पुस्तक खरेदीला आले तर त्याची शिफारस दुसऱ्या विभागाच्या शिक्षकाने करावी. किती प्रती कोणाच्या शिफारशीने घेतल्या, याची यादी वर्षाच्या शेवटी सूचनाफलकावर लागावी.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो: इतके नियम घातले तर चांगले लोक लिहायचेच सोडतील. माझा अनुभव आणि विश्वास उलट आहे. आज मेहनतीने, वर्षानुवर्षे कागदपत्रे चाळून लिहिणाऱ्या प्राध्यापकाचे पुस्तक आणि पंधरा दिवसांत जुळवलेले पुस्तक अर्जाच्या एकाच रकान्यात बसते, सारखेच गुण मिळवते. संशयाचे सावटही दोघांवर सारखेच पडते. लेखी, उघड आणि सर्वांना सारख्या नियमांचा पहिला लाभ त्या मेहनती लेखकालाच होईल, कारण त्याच्या पुस्तकाची निवड त्याच्या ओळखीमुळे झाली नाही हे तो दाखवू शकेल. दुसरा लाभ विद्यार्थ्याचा. शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्यांत घरातली पहिली पिढी महाविद्यालयात आलेली मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या घरी दुसरे पुस्तक नसते, सल्ला द्यायला जाणकार नसतो. त्यांना जे पुस्तक लागते तेच त्यांच्यासाठी तो विषय असतो. त्या पुस्तकाची निवड निर्लेप हातांनी व्हावी, एवढे त्यांचे देणे विद्यापीठ लागते. अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक पानाचा तो अर्ज ठेवून त्याची सुरुवात करता येईल.